गायकाश्वारोहमीमांसा

ज्या ज्ञानशाखांना विद्यापीठात आजवर आसन मिळालेले नाही, त्यांत गायकाश्वारोहशास्त्राचा क्रम फार वरचा लागतो. गायकांवर ग्रंथ आहेत, नटांवर ग्रंथ आहेत, अश्वांवर तर शालिहोत्रापासून अखंड परंपरा आहे. परंतु जो मूळचा गायक, मध्यंतरी नट झाला आणि नटपणाच्या त्या अल्प काळात ज्याला मुख्यतः घोड्यावर बसवण्यात आले, त्याच्याकडे तिन्ही शास्त्रांनी पाठ फिरवली. संगीताचे अभ्यासक म्हणतात, तो नट होता. नाट्याचे अभ्यासक म्हणतात, तो गवई होता. शालिहोत्री म्हणतात, घोडा भाड्याचा होता. या त्रिविध उपेक्षेतून जो पुरुष (क्वचित स्त्री) उरतो, तोच प्रस्तुत शास्त्राचा विषय होय.

या जातीचे शुद्ध रूप इटलीत आढळते. १९६४ पासून पुढे दहा-बारा वर्षे इटलीत अमेरिकन गुराख्यांचे चित्रपट शेकड्यांनी निघाले. एवढ्या घोड्यांवर बसायला व्यावसायिक नट पुरेनात, तेव्हा गायकांकडे वळण्यात आले. त्यांतले बहुसंख्य आज कोणाच्याही स्मरणात नाहीत, आणि तेच त्यांचे शास्त्रीय मोल आहे.

लक्षण

प्रथम केलेले लक्षण असे होते: 'गायनावर उपजीविका करणारा जो मनुष्य कॅमेऱ्यासमोर घोड्यावर बसतो, तो गायकाश्वारोही.' हे सदोष ठरले. हळदीला गाणाऱ्या एखाद्या गायकाचे स्वतःचे लग्न निघाले, तो वरातीत घोड्यावर बसला आणि पुढे व्हिडिओवाला उलटा चालत असला, तर तोही या लक्षणात सापडतो, ही अतिव्याप्ती. उलट, ज्याला विधिपूर्वक घोड्यावर चढवले परंतु कॅमेरा सुरू होण्याआधीच घोड्याने खाली उतरवले, तो वगळला जातो, ही अव्याप्ती. पहिल्या दोषासाठी 'वेतनार्थ' हे विशेषण जोडावे लागले. नवरदेवाला घोड्यावर बसण्याचे वेतन मिळत नाही. मिळालेच, तर तो व्यवहार १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत जातो, आमच्या नव्हे. दुसऱ्या दोषाचा परिहार 'टिकला असो वा नसो' या पदसमूहाने होतो.

सिद्ध लक्षण येणेप्रमाणे: 'गायनावर उपजीविका असून ज्याला वेतनार्थ, चित्रपटासाठी, घोड्यावर बसवण्यात आले, तो तेथे टिकला असो वा नसो, आणि ज्याचे नाव श्रेयनामावलीत चौथ्या ओळीच्या खाली येते, तो गायकाश्वारोही.'

चौथ्या ओळीची अट काहींना निष्ठुर वाटेल. ती नसती तर नायक आत शिरले असते, आणि नायक आत शिरले की कोणत्याही शास्त्राचे सिनेसाप्ताहिक होते. या अटीमुळे काही मोठी नावे गाळावी लागली, याची आम्हांस जाणीव आहे. तुरिनची गायिका रिटा पाव्होने १९६७ मध्ये एका पाश्चिमात्य चित्रपटाची नायिकाच झाली, ती बाद. फ्रान्सचा जॉनी हॉलिडे १९६९ मध्ये सर्जिओ कोर्बुच्चीच्या चित्रपटाचा नायक झाला, तोही बाद. अमेरिकेत कोणी ओळखत नव्हते, परंतु सोव्हिएत संघात ज्याच्या गाण्यांना प्रचंड गर्दी होई, असा डीन रीड युल ब्रिनरच्या बरोबरीने सबाटापटात झळकला. त्याचे नाव इतके वर होते की विचारच करता येत नाही. बीटल्सपैकी रिंगो स्टार १९७१ च्या 'ब्लाइंडमन'मध्ये होता, परंतु तो मूलतः तालवादक. त्याच्यासाठी 'वादकाश्वारोही' असा पोटवर्ग राखून ठेवला असून त्यात सध्या तो एकटाच आहे.

पीठनिर्णय

या शास्त्राचे पीठ रोमला असावे, हे मत वरवर सयुक्तिक दिसते. आम्ही ते अलिबागला असावे असे प्रतिपादन करतो.

पहिले कारण भौतिक आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकसुया बिघडणार, हे ओळखून चुंबकीय नोंदींचे काम अलिबागला नेण्यात आले. १९०४ पासून ते तेथे चालू आहे. अतिसूक्ष्म विचलन मोजायचे तर भोवती मोठे विचलन असता कामा नये, हे तत्त्व यात अनुस्यूत आहे. प्रसिद्धीलाही तेच लागू पडते. मुंबईत अप्रसिद्धी मोजताच येत नाही. सुई सारखी जुहूकडे वळते.

दुसरे कारण न्यायिक आहे. एखाद्याच्या अनभिज्ञतेचा निर्देश करण्यासाठी 'तो अलिबागहून आला आहे काय' अशी हिंदी पृच्छा करण्याचा प्रघात मुंबईत रूढ आहे. तो बंद व्हावा म्हणून केलेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळली. अलिबागकरांना याचे दुःख झाले असेल. शास्त्राला झाले नाही. ज्या गावाचे नाव अज्ञानाचे परिमाण म्हणून चालण्यास न्यायालयाचीही हरकत नाही, तेथे अज्ञात कलावंतांचे अध्ययन होणे हे औचित्याला धरूनच आहे.

तिसरे कारण ऐतिहासिक. सतराव्या शतकात पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा प्रवासी चौलला येऊन गेला. तो केवळ प्रवासी नव्हता. त्याने संगीतरचना केल्या, १६४० मध्ये आपल्या काळातल्या संगीतावर प्रबंधही लिहिला. म्हणजे इटालियन संगीतज्ञ आणि रायगडचा किनारा यांचा ऋणानुबंध गुराखीपटाहून तीनशे वर्षे जुना आहे. देल्ला व्हाल्लेने चित्रपटात काम केले नाही, हे मान्यच आहे. म्हणून त्याला उदाहरण न मानता पूर्वसूरी मानावे.

त्यागत्रय

गायकाश्वारोहीच्या कारकिर्दीचे मर्म कमाईत नसून त्यागात आहे. तो क्रमाने तीन गोष्टी सोडतो: नाव, कंठ आणि स्थान. या तीन आहुती पडल्यानंतर जे शेष राहते ते केवळ आसन, म्हणजे खोगिरावरची बैठक. हा आमचा मूलसिद्धान्त होय.

*नामत्याग.* १९६४ च्या 'फिस्टफुल ऑफ डॉलर्स' या आद्य ग्रंथात दिग्दर्शक सर्जिओ लिओनीने स्वतःला बॉब रॉबर्टसन म्हणवले. त्याचे वडील मूकपटांच्या काळात रोबेर्तो रोबेर्ती या नावाने दिग्दर्शन करीत. पुत्राने आपले नाव लपवताना पित्याचे उघड केले. संगीतकार एन्नियो मॉरिकोनी डॅन सॅव्हियो झाला, खलनायक जान मारिया व्होलोन्ते जॉन वेल्स झाला. पुढच्याच वर्षी जुलियानो जेम्मा हा माँटगोमेरी वुड या नावाने रिंगो या नायकाच्या रूपात उतरला. मारियो जिरोत्ती टेरेन्स हिल झाला. नेपल्सचा कार्लो पेदेर्सोली, ज्याने १९५२ आणि १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यात इटलीचे प्रतिनिधित्व केले होते, तो बड स्पेन्सर झाला आणि पाण्यातून खोगिरावर आला.

ही मंडळी पुढे कीर्तिमान झाली, म्हणून त्यांचे त्याग नोंदले गेले. चौथ्या ओळीखालच्या गायकाचे काय झाले असेल, याची कल्पना करावी. रोमच्या प्रेक्षकाला तो टेक्ससचा वाटतो. टेक्ससच्या प्रेक्षकाला तो कोठलाच वाटत नाही. त्याच्या स्वतःच्या गल्लीत, त्या नावाचे कोणी येथे राहत नाही असे सांगून शेजारी पोस्टमनला परत पाठवतात.

नामत्यागाचे तीन भेद आहेत.

(१) *देशान्तरित.* वर वर्णिलेला इटालियन प्रकार.

(२) *लोकान्तरित.* हा महाराष्ट्राने परमोच्च कोटीला नेला. नारायण श्रीपाद राजहंस बालगंधर्व झाले, रामभाऊ कुंदगोळकर सवाई गंधर्व, सौदागर नागनाथ गोरे छोटा गंधर्व आणि शिवपुत्र कोमकली कुमार गंधर्व. इटालियन कलावंताने फार तर अटलांटिक ओलांडला. आपल्या माणसांनी मृत्युलोकच सोडला. पोस्टमनचा प्रश्न येथे उद्भवत नाही.

(३) *संक्षेपित.* 'मास्टर' ही उपाधी पुढे लागताच मागचे आडनाव गळून पडते. मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव, मास्टर विठ्ठल. यांतल्या शेवटच्यांचा विचार पुढे सविस्तर येतो, कारण या शास्त्राचा अर्धा भार त्यांच्यावर आहे.

*कंठत्याग.* गायकाजवळ भांडवल एकच, आवाज. इटालियन चित्रपटसृष्टीत मात्र संवाद चित्रीकरणानंतर ध्वनिमुद्रित करण्याची रीत होती आणि पडद्यावरच्या तोंडाला दुसऱ्याच कोणाचा आवाज देण्यात कोणाला संकोच नव्हता. क्लिंट ईस्टवूड इटालियन प्रेक्षकांशी एन्रिको मारिया सालेर्नो या नटाच्या आवाजात बोलला. म्हणजे गायकाला चित्रपटात घेतले ते त्याच्या तबकड्या खपतात म्हणून, आणि घेतल्यावर प्रथम काढून ठेवले ते त्याचा आवाज. कंठ आणि देह यांच्या संबंधावरून चार कोटी होतात.

(१) *स्वकंठ-स्वदेह.* बालगंधर्व, 'धर्मात्मा', प्रभात, १९३५. संत एकनाथांची भूमिका, गाणे स्वतःचे, देह स्वतःचा. परंतु येथे अश्व नाही. एकनाथांच्या चरित्रात शोध घेता जो चतुष्पाद सापडतो तो गाढव आहे, आणि तोही तहानलेला. त्यावर कोणी बसल्याचे आख्यायिका सांगत नाही. म्हणून ही कोटी या शास्त्राच्या सीमेवर राहते.

(२) *परकंठ-स्वदेह.* 'शोले'तील जिप्सींच्या तळावरचे गाणे पाहावे. वाद्य घेऊन गाताना दिसतो तो जलाल आगा. आवाज त्याचा नाही.

(३) *स्वकंठ-अदेह.* त्याच गाण्यात आवाज आहे तो राहुलदेव बर्मन यांचा. ते दिसत नाहीत. एकाच गाण्यात दोन कोटींचे दर्शन घडवणारे हे उदाहरण अध्यापनास अत्यंत सोयीचे आहे. इटलीत याच्याशी समांतर म्हणजे रिंगोपटांची शीर्षकगीते: घोड्यावर उसन्या नावाचा जेम्मा, आणि गाणे कोठून तरी येते ते मॉरित्सिओ ग्राफचे.

(४) *अकंठ-स्वदेह.* ही कोटी केवळ मास्टर विठ्ठलांसाठी निर्माण करावी लागली.

मास्टर विठ्ठल बालपणी रंगभूमीवर होते. तेथून ते कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेले आणि 'कल्याण खजिना'त नर्तकीच्या वेषात दिसले. पुढे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीच्या मूकपटांत तलवार, उडी आणि घोडा या तीन शस्त्रांच्या बळावर ते देशातले बिनीचे साहसनट झाले. लोक त्यांना भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. यात आवाजाचा संबंध कोठेच नव्हता. अशा माणसाला भारताच्या पहिल्या बोलपटाचा नायक करण्यात आले. 'आलम आरा' मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात १४ मार्च १९३१ रोजी लागला. त्या भूमिकेसाठी ते शारदा सोडून इंपीरियलकडे गेले, जुन्या कंपनीने दावा लावला, आणि विठ्ठलांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर महंमद अली जिना. दावा जिंकला. मग लक्षात आले की नायकाचे उर्दू उच्चार पडद्यावर चालण्याजोगे नाहीत. उपाय असा योजला की नायकाला बराच काळ अर्धवट गुंगीत दाखवले.

हा प्रसंग शांतपणे चिंतण्याजोगा आहे. न बोलण्याबद्दल ज्याची ख्याती, त्याला बोलण्यासाठी न्यायालयातून सोडवून आणले, आणि आणल्यावर गप्प बसवले. त्याच चित्रपटात फकिराची छोटी भूमिका करणाऱ्या वझीर महंमद खान यांनी गाणे म्हटले आणि भारतीय चित्रपटाचे पहिले गायक ठरले. घोडा, तलवार आणि बॅरिस्टर एका बाजूस. कंठ दुसऱ्या बाजूस. विठ्ठल पुढे मराठी चित्रपटांत लहान भूमिकांकडे उतरत गेले, म्हणजे चौथ्या ओळीच्या खाली आले आणि आमच्या अधिकारक्षेत्रात दाखल झाले. ते गायक नव्हते, हा आक्षेप बरोबर आहे. परंतु ज्याने कंठाचा त्याग तो मिळण्याआधीच केला, त्याचा त्याग श्रेष्ठ मानावा की नाही, हे वाचकांनी ठरवावे.

*स्थानत्याग.* लिओनीचा अमेरिकन सीमाप्रदेश बराचसा स्पेनमधल्या अल्मेरियाजवळच्या उजाड माळावर उभा होता. 'शोले'तले रामगढ बंगळूरजवळच्या रामनगरात होते. येथवर सर्वांना ठाऊक असते. रायगडकरांना ज्याचा अभिमान वाटावा आणि वाटत नाही तो भाग असा, की 'शोले'तला आगगाडीवरचा दरोडा पनवेलजवळच्या लोहमार्गावर चित्रित झाला; त्या एका प्रसंगाला सात आठवड्यांहून अधिक काळ लागला. सात आठवडे घोडे गाडीबरोबर धावत होते आणि पनवेल हे पनवेल नव्हते. शास्त्राच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे हे, की तो जिल्हाही तेव्हा रायगड नव्हता, कुलाबा होता. १९८१ मध्ये त्याने नाव बदलले. भूमीनेच नामत्याग केल्याचे असे दृष्टान्त इटलीलाही दाखवता येणार नाहीत.

मांडव्याचे दुःख याच्या उलट. 'अग्निपथ'चा नायक ज्या मांडव्यासाठी जन्म वेचतो, ते मांडवा आपल्याच किनाऱ्यावर, गेटवेहून सुटणाऱ्या लाँचच्या टप्प्यात आहे. २०१२ साली चित्रपट पुन्हा निघाला तेव्हा मांडवा उभे केले दीवला. पनवेल परक्याची भूमिका करते आणि मांडव्याची भूमिका परके करतात. दोन्हीचे मानधन किनाऱ्याला मिळत नाही.

विठ्ठलद्वय

'शोले'तले जे तीन दरोडेखोर गावात धान्य मागायला येतात आणि हात हलवत परत जातात, त्यांपैकी नाव एकालाच आहे: कालिया. ती भूमिका विजू खोटे यांची. खोट्यांचे घराणे रंगभूमीचे. वडील नंदू खोटे नट, बहीण शुभा खोटे, आणि दुर्गाबाई खोटे चुलती. विजू खोटे यांचे निधन ३० सप्टेंबर २०१९ रोजी झाले. त्यांनी कैक वर्षे शेकडो भूमिका केल्या; लोक त्यांना घोड्यावरच्या त्या काही मिनिटांसाठीच ओळखत राहिले. आता प्रमेयाकडे यावे. विजू हे संक्षेपित नाम आहे. मूळ नाव विठ्ठल. म्हणजे मराठी अश्वारोहणाच्या चित्रपटीय इतिहासाच्या दोन्ही टोकांना एकेक विठ्ठल उभा आहे. पंढरपूरचे दैवत विटेवर उभे असून कोणत्याही वाहनावर बसत नाही, हे लक्षात घेता हा योगायोग मानणे कठीण आहे.

खोटे गायक नव्हते. शास्त्र याबाबत प्रामाणिक आहे. तथापि त्यांच्या शेजारच्या दोन निनावी अश्वारोहींविषयी तसे ठामपणे म्हणता येत नाही. ते गात नसल्याचा कोणताही पुरावा चित्रपटात नाही. गब्बर तिघांनाही संपवतो, आणि पुरावा नष्ट होतो. सांबा या पात्राचा समावेश आम्ही केलेला नाही. तो खडकावर बसतो.

जाता जाता एक टीप. या चित्रपटाला त्याच्या वर्षी मिळालेले एकमेव फिल्मफेअर पारितोषिक संकलक एम. एस. शिंदे यांना मिळाले. म्हणजे ज्या मराठी माणसाने काय दिसू नये हे ठरवले, त्याचाच सन्मान झाला. अप्रसिद्धिशास्त्रात याला कर्तरी प्रयोग म्हणतात.

संप्रदाय

रायगडच्या किनाऱ्यावर या शास्त्राचे दोन मुख्य संप्रदाय आहेत. उरणचा कंठवादी, अलिबागचा अश्ववादी.

उरणवाल्यांचे म्हणणे असे की गायकाश्वारोहीत 'गायक' हे विशेष्य आहे, घोडा आगंतुक. त्यांचे प्रमाण म्हणजे हळद. उरण, पनवेल, अलिबाग या पट्ट्यातल्या आगरी-कोळी हळदी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना पुढील वर्णन अनावश्यक वाटेल. मांडवाच्या एका अंगाला बेंजो पार्टी. गायक कॉर्डलेस माईक घेऊन गर्दीत उतरलेला, रात्री साडेदहाला डोळ्यांवर गॉगल, आवाजाला एको इतका की तो पहिल्या कडव्यात म्हणतो ते दुसऱ्या कडव्यात ऐकू येते. कोणीतरी त्याच्या कपाळाला नोट चिकटवतो. तो न थांबता ती खिशात घालतो, आणि नोट देणाऱ्याचे नाव, गाव व आळी पुढच्या ओळीत सुरात गोवतो. याच वेळी मांडवाच्या आतल्या कोपऱ्यात धवलारीण बसलेली असते. तिला माईक नाही. ती धवले गाते. तिच्याशिवाय लग्न लागत नाही, आणि तिचे नाव पत्रिकेत नसते. उरण संप्रदायाचे आचार्य म्हणतात, चौथ्या ओळीखालचा शुद्ध कंठ तो हा. बेंजोवाल्या गायकाची कारकीर्द मात्र इटालियन नमुन्याबरहुकूम जाते. तिकडे गावातली स्पर्धा, मग पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी, १९५१ पासून भरणाऱ्या सान रेमो महोत्सवाचे स्वप्न, मग अल्मेरियाचा घोडा, आणि अखेरीस समुद्रकाठच्या हॉटेलांत रात्रीचे गाणे. इकडे गावची हळद, मग कोळीगीतांचा अल्बम, त्यासाठी होडीवर उभे राहून केलेले चित्रीकरण, मग मुंबईला एखाद्या मालिकेत हवालदार, आणि परत हळद. फरक एवढाच की इटालियन माणसाला मध्ये घोडा मिळाला, आपल्याला होडी.

याच फरकावर अलिबाग संप्रदाय बोट ठेवतो. होडीवर कोणीही उभा राहतो, ते म्हणतात. होडी फेकून देत नाही. अश्वाशिवाय शास्त्र नाही. त्यांचे क्षेत्र म्हणजे अलिबागचा किनारा, जेथून ओहोटीला घोडागाड्या कुलाबा किल्ल्यापर्यंत जातात आणि वाळूवर फेरीचे घोडे उभे असतात. प्रस्तुत लेखकाने तेथे निरीक्षण केले आहे. घोड्याच्या कपाळावर प्लॅस्टिकच्या फुलांची माळ, खोगिराखाली घडी केलेली गोधडी, लगाम घोडेवाल्याच्याच हातात. बसणारा लगाम धरत नाही. तो खोगिराचा पुढचा कडा धरतो आणि मोबाइलकडे पाहतो. ही बैठक लिओनीच्या गौण अश्वारोहींच्या बैठकीशी तंतोतंत जुळते. घोडेवाल्यास विचारले, "दादा, गाणारी माणसं बसतात का हो कधी?"

"बसतात की काका," तो म्हणाला. "पण गात नाहीत. वर बसलं की सगळे गप्प."

कंठत्यागाचे इतके निःसंदिग्ध प्रत्यक्ष प्रमाण ग्रंथांत कोठे सापडले नाही.

श्रीवर्धन-म्हसळ्याकडे एक तिसरा, समन्वयवादी संप्रदाय आहे. त्याचा आधार जाखडी. तेथे शाहीर मध्यभागी बसून गातो आणि भोवती पायात चाळ बांधलेली माणसे गोल फिरतात. शक्तीवाले आणि तुरेवाले रात्रभर सवाल-जवाब करतात. समन्वयवादी म्हणतात, गायक बसलेला हवा हे खरे, गती हवी हेही खरे. पण गती त्याच्या खाली असण्याचे कारण नाही, भोवती असली तरी चालेल. दोन्ही मुख्य संप्रदायांनी हे मत अश्वद्रोही म्हणून नाकारले आहे.

पूर्वपक्ष व निर्णय

या अध्ययनाचा उपयोग काय, असा पूर्वपक्ष एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मांडला. उत्तर सोपे आहे. अलिबागच्या वेधशाळेतली सुई शंभराहून अधिक वर्षे पृथ्वीच्या अत्यल्प चाळवाचाळवीची नोंद करते. त्या नोंदीने अलिबागच्या बाजारात मासळीचा भाव उतरल्याचे ऐकिवात नाही, आणि तरी कोणी सुई बंद करा म्हणत नाही. दुसरा पूर्वपक्ष असा की ज्यांची नावेच उरली नाहीत त्यांचे वर्गीकरण कसे करणार. हा पूर्वपक्ष आम्ही मान्य करतो. याच कारणाने शास्त्रात आसनाला अंतिम प्रमाण मानले आहे. नाव बदलते, आवाज दुसऱ्याचा असतो, गाव दीवला जाते. बैठक मात्र ज्याची त्याची.

उरण आणि अलिबाग यांच्या वादात निर्णय अलिबागच्या बाजूने द्यावा लागतो. धवलारिणीविषयी नितांत आदर असूनही ती या शास्त्रात बसत नाही, कारण तिने काहीच त्यागलेले नाही. तिचा कंठ तिचाच आहे.

वाचकांना एक विनंती. ज्यांच्या घरी कोळीगीतांच्या जुन्या कॅसेटी माळ्यावर पडल्या असतील त्यांनी त्या भंगारात घालू नयेत. फीत खराब झाली असल्यास हरकत नाही. डबीतला कागद मात्र जपावा, विशेषतः ज्यावर मुख्य गायकांच्या फोटोंखाली बारीक अक्षरांत 'व इतर' असे छापलेले आहे तो.